सातासमुद्रांपलीकडचीं नातवंडें

पुण्यांत सकाळचे ७ वाजतात, तेव्हां कॅलिफोर्नियांत उन्हाळ्याच्या दिवसांत आदल्या सायंकाळचे साडेसहा वाजलेले असतात. कोथरूड-कर्वेनगरांतील कित्येक आजी-आजोबा या वेळीं चहाचा कप बाजूस सारून फोनच्या पडद्यासमोर बसतात. पलीकडे नातू जेवत असतो. आजीला त्यास काऊचिऊचा घास भरवितां येत नाहीं. ती नुसती गोष्ट सांगते.

पूर्वीं लेक बाळंतपणास माहेरीं येई. आतां आईच लेकीकडे जाते. अमेरिकेंत पाहुण्यास बहुधा एका वेळीं ६ महिने राहूं देतात. म्हणून पहिले सहा महिने आईवडील आणि पुढचे सहा महिने व्याही-विहीण, अशी पाळी लागते. जिनें पुण्यांत साऱ्या घराची मंडई एकटीनें केली, तिला तेथें मोटारीवांचून दुकानही गांठतां येत नाहीं. कष्टांचें तिला दुःख नसतें. आपला शब्द कोणी विचारीत नाहीं, याचें असतें. आई आली ती वडीलधारी म्हणून आली, दाई म्हणून नव्हे, हें मुलांनीं विसरूं नये.

मात्र खरा प्रश्न परत आल्यावर उभा राहतो. रात्रीं २ वाजतां छातींत दुखूं लागलें, तर हांक कोणास मारावी? आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा २००७ सालचा कायदा परदेशीं राहणाऱ्या भारतीय नागरिकांसही लागू आहे. पण अशा घरांत बहुधा पैशाची ददात नसतेच. चीनमध्यें तर १ जुलै २०१३ पासून, दूर राहणाऱ्या मुलांनीं आईबापांस वरचेवर भेटावें, असा कायदाच अंमलांत आला. तथापि कायदा मुलास दारापर्यंत आणील. मायेनें उशाशीं बसविणें त्याच्या हातीं नाहीं.

म्हणून व्यवस्था आधींच करावी. घराची एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी. औषधांची यादी व डॉक्टरांचा क्रमांक भिंतीवर लावावा. बँकेंतील नामनिर्देशन पुरें करावें. मुलांनीं त्या शेजाऱ्याशीं स्वतः बोलावें, त्याच्या घरच्या कार्यास अगत्यानें अहेर पाठवावा; उपकार एकतर्फी राहिले म्हणजे त्यांचें ओझें म्हाताऱ्यांस वाहावें लागतें. आणि शेजारच्या तरुणांनीं आठवड्यांतून एकदां दार वाजवून एवढेंच विचारावें, "आजोबा, कांहीं आणायचें आहे का?" आणायचें बहुधा कांहींच नसतें. पण त्या दिवशीं घरांत दोन शब्द बोलले जातात, आणि रात्रीं हांक कोणास मारावी, हें ठाऊक असतें.