कामगाराच्या खिशातली वीज



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली. आमचे शिक्षण म्हणाल तर कारखान्यात आणि रात्रशाळेत जेवढे झाले तेवढेच. तेव्हा आम्ही आज तत्त्वज्ञानावर बोलणार नाही. आम्ही बोलणार आहोत ते या हातातल्या प्लॅस्टिकच्या डबीवर. हिच्यावर मोबाइल चार्ज होतो. बाजारात हिला पॉवर बँक म्हणतात. ही मात्र आमच्या युनियनच्या कचेरीत, आमच्याच माणसांच्या हातांनी तयार झाली आहे.

युनियनच्या माणसाला हा उद्योग कशाला, असे आपण विचाराल. आम्ही टर्नर म्हणून लागलो तेव्हा लेथ मालकाचा, टूल मालकाचे. मायक्रोमीटरसुद्धा पितळी बिल्ला दिला की स्टोअरमधून मिळे आणि संध्याकाळी तो जमा केला की बिल्ला परत. आज आपल्या दारात जेवण आणून देणारा मुलगा पाहा. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, मोबाइलही त्याचाच. यातले खरे हत्यार मोबाइल. ऑर्डर त्यावर येते, रस्ता तो दाखवतो, हजेरी त्यावर लागते. दिवसभर नकाशा चालू, पडदा पेटता. दुपार कलली की बॅटरी संपते, आणि ती संपली की त्याची रोजी बंद. आमचा एक सभासद पावसात पार्सल घेऊन उभा राहिला. मोबाइल बंद, घर सापडेना. आणि त्या पार्सलचे पैसे त्याच्याच कमाईतून कापले गेले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याने ह्या मुलांना गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार असे नाव दिले, हे चांगले झाले. पण हत्याराचा खर्च अजून त्यांच्याच खिशातून जातो.

म्हणून आम्ही ही डबी करावयास घेतली. पहिली डबी कशी झाली ते आधी सांगतो, कारण त्यात चूक आमची होती. आम्ही आयुष्यभर शिशाच्या बॅटऱ्या पाहिलेल्या. ही बॅटरी १८५९ साली प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने काढली. तिचा स्वभाव सोशिक. थोडी जास्त चार्ज झाली तर पाणी आटते. वरून पाणी घातले की बहुधा भागते. मोबाइलमधला लिथियमचा सेल १९९१ साली बाजारात आला आणि त्याचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या सेलच्या पोटात पाणी नसते, पेट घेणारे द्रव असते. हे आम्ही कानांनी ऐकले होते, पण मनावर घेतले नव्हते. एक पोरगा म्हणालाही, "दादा, मध्ये संरक्षणाची पट्टी लागते." आम्ही म्हणालो, "अरे, तुझ्या वयाइतकी वर्षे आम्ही तारा जोडल्या आहेत." आणि ५ व्होल्टच्या चार्जरची तार सरळ सेलला जोडून आम्ही सभेला बसलो. काही वेळाने शिट्टीसारखा आवाज झाला, धूर आला, जाळ निघाला. त्याच पोराने डबी उचलून अंगणात फेकली आणि वर बादल्यांनी पाणी ओतले. त्याच्या मनगटावर आजही भाजल्याचा डाग आहे. तो डाग आमच्या अहंकाराचा आहे, हे आम्ही भर सभेत सांगितले, आणि आज येथेही सांगतो.

त्यानंतर आम्ही त्याच पोराकडून शिकलो. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत पुष्कळदा सहा सेल असतात. एखादा मेला की सगळी बॅटरी भंगारात जाते; बाकीच्यांत बरेचदा जीव असतो. अशा बॅटऱ्या बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात मिळतात. सेल १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. म्हणून त्याचे नाव १८६५०. मीटर लावून पाहावे. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला, गंजलेला, पोचा पडलेला, वेष्टण फाटलेला किंवा चार्ज होताना तापणारा सेल, कितीही मोह झाला तरी, घेऊ नये. उरलेले चार्ज करून आठवडाभर ठेवावेत. ज्याचा दाब आपोआप उतरतो तोही बाद. मग सारख्या ताकदीचे आणि सारख्या दाबाचे दोन सेल, धनाला धन व ऋणाला ऋण, असे होल्डरमध्ये बसवावेत. सेलवर थेट सोल्डर करू नये, उष्णतेने तो बिघडतो.

पुढे तपकीर गल्लीत जावे. तेथे दोन लहान पट्ट्या मिळतात. एक टीपी ४०५६ या चिपची, ती ४.२ व्होल्टला चार्जिंग थांबवते. हिच्यातही दोन प्रकार आहेत. संरक्षण असलेलीच मागून घ्यावी, म्हणजे सेल फार उतरला किंवा बाहेर तारा एकमेकींना चिकटल्या तर ती वाट तोडते. दुसरी पट्टी सेलच्या ३.७ व्होल्टचे ५ व्होल्ट करते, कारण मोबाइलला तेवढे लागतात. आता हिशेब पाहा. २,००० मिलिअँपिअर-तासांचे दोन सेल म्हणजे ४ अँपिअर-तास; ३.७ ने गुणले की १४.८ वॅट-तास. वाटेत काही उष्णतेत जाते, १२ च्या आसपास हाती येतात. ५,००० मिलिअँपिअर-तासांचा मोबाइल त्यात निम्म्याहून थोडा अधिक भरतो. दुपारी मेलेले हत्यार रात्रीपर्यंत जगते, एवढे आम्हाला पुरे. अशा डब्या विकावयाच्या मात्र नाहीत. पॉवर बँक विकण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी लागते, आणि ते योग्यच आहे.

एक विनंती आपणा सर्वांना. बाद झालेले सेल आणि फुगलेल्या बॅटऱ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती ज्या भगिनींच्या बळावर, त्यांच्याच हातात आपली बादली रिकामी होते. आमच्या अंगणात जो जाळ उठला तो त्यांच्या गाडीत उठू नये. टोकांना चिकटपट्टी लावून बॅटरी वेगळी द्या. २०२२ च्या नियमांनी तर जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरच टाकली आहे.

आमचा एक मित्र म्हणाला, "तुम्ही डब्या करून दिल्यात, आता मालकाला मागणार काय?" मित्रहो, ही डबी आमच्या मागणीला पर्याय नाही. काम ज्याचे, हत्याराचा खर्च त्याचा, ही मागणी आम्ही सोडलेली नाही. मागणी पदरात पडेपर्यंत पोराची रोजी बुडू नये, एवढ्यासाठीच ही डबी आहे. तोपर्यंत आपणही एक करू शकता. आपल्या सोसायटीच्या फाटकाशी, पहारेकऱ्याच्या खोलीत, विजेचा एक प्लग त्या मुलासाठी मोकळा ठेवा. जेवण घेऊन तो आला की "पाणी हवे का?" असे आपल्यापैकी पुष्कळजण विचारतात. त्याबरोबर "मोबाइल लावायचा का?" हेही विचारावे.