साडेसाती आणि रांगोळीचे ठिपके

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



काही शब्द नुसते उच्चारले तरी घरातली माणसं गप्प होतात. 'साडेसाती' हा त्यातलाच एक. बोअरचं पाणी आटलं, मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, नोकरीचा कॉल आलाच नाही, की घरातलं कुणीतरी भिंतीवरचं पंचांग काढतं, रास विचारतं आणि मान हलवतं. मग त्या घराला पुढच्या काही वर्षांसाठी एक कारण मिळतं आणि एक धास्तीही मिळते. आज मी बोलणार आहे ते या धास्तीबद्दल. ग्रहाबद्दल थोडंसं, पण मुख्यतः धास्तीबद्दल आणि ती हलकी करणाऱ्या आपल्या हातांबद्दल.

आधी हिशेब पाहू. शनीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. ती बारा राशींत वाटली की एका राशीच्या वाट्याला साधारण अडीच वर्षं येतात. आपल्या चंद्रराशीच्या आधीची रास, आपली रास आणि पुढची रास, अशा तीन अडीचक्या मिळून साडेसात वर्षं. दृक्‌गणिताच्या पंचांगांप्रमाणे मार्च २०२५ मध्ये शनी मीन राशीत आला, तेव्हा मकर राशीची माणसं सुटली आणि मेष राशीची अडकली. म्हणजे कधीही पाहा, बारांपैकी तीन राशींना साडेसाती असतेच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांहून जास्त भरली. राशी सारख्या वाटल्या आहेत असं धरलं तर त्यातली पावणेतीन कोटींहून अधिक माणसं एकाच वेळी साडेसातीत. त्यांतल्या कुणाचं लग्न होतं, कुणाला नातू होतो, कुणाचं दुकान चालतं, कुणाचं बसतं. सत्तर वर्षं जगलेल्या माणसाच्या आयुष्यातून हा पाहुणा दोन-तीनदा येऊन गेलेला असतो.

ही भीती एका धर्माची आहे, असं समजू नका. आमच्या दख्खनी मुसलमान घरांत सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस 'तेरातेजी' म्हणून धास्तीत जायचे. नवीन काम काढायचं नाही, लग्न ठरवायचं नाही. मौलवी दरवर्षी सांगायचे, की सफर महिन्यात अशुभ असं काही नाही, तसं मानणं धर्माला धरून नाही. बायका मान डोलवायच्या आणि चौदाव्या दिवसाची वाट पाहायच्या. फारसी ज्योतिषात तर शनीला, म्हणजे 'जुहल'ला, 'नहस-ए-अकबर' असंच नाव आहे, सर्वांत मोठा अशुभ ग्रह. उर्दूतली 'गर्दिश' आपण मराठीतही वापरतो. तिचा मूळ अर्थ नुसता फिरणं एवढाच. आकाश फिरतं, माणूस घाबरतो.

यात खरं किती, हा वाद जुना आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली महाराष्ट्रातच त्याची एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्या मिसळल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका ओळखायला दिल्या. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. त्यांतली बरोबर निघालेली उत्तरं होती शेकडा ४६. नाणं उडवून ठरवलं असतं तरी पन्नासच्या आसपास उत्तरं बरोबर आलीच असती. माझं मत विचाराल तर ते या आकड्याच्या बाजूनं आहे. पण गेली कितीतरी वर्षं मी पाहतो आहे, की रात्री दोन वाजता जागं असलेल्या माणसाला असा आकडा सांगून झोप येत नाही. भीतीचं कारण खोटं असलं तरी छातीतली धडधड खरीच असते. तिच्यासाठी दुसरं काहीतरी करावं लागतं.

धास्तीचा स्वभाव नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. तिला आकार नसतो. 'काहीतरी वाईट होणार' यातलं 'काहीतरी' हेच माणसाला खातं. शिवाय तिला हातांचं काम नसतं. माणूस बसून राहतो, मन मात्र पळत असतं. साडेसातीत तर मुदतही लांब, साडेसात वर्षं. कुणी शेत विकून शांत करतो, कुणी मुलाला सांगतो, यंदा परीक्षेला बसू नकोस, वेळ बरी नाही. माझ्या मते साडेसातीचं खरं नुकसान हे आहे. शनी काय करतो ते बाजूला ठेवा. त्याच्या नावानं आपण जे करायचं सोडून देतो, त्याची भरपाई कुठल्याच पंचांगात नसते.

आता हातांकडे येतो.

आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी माहीत होतं. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईच्या मनात सासुरवास असायचा, माहेरची आठवण असायची, दुष्काळाची भीती असायची. ती ते सगळं ओवीत घालून दाण्यांबरोबर दळायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या रचणाऱ्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. बहिणाबाई चौधरीही त्यांतल्याच. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी छापून आली. घरी आलेल्या ज्योतिषाला 'माझा हात पाहू नकोस' म्हणून परत पाठवणारी त्यांची कविता आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेत ऐकली असेल. विधवेचं दुःख सोसलेली बाई हे म्हणते, आणि ज्या हातावरच्या रेषा ती दाखवत नाही, त्याच हातानं जातं ओढत गाणं रचते. याहून चांगला उपाय मला तरी कुठल्या पोथीत सापडलेला नाही.

दूरदेशीची माणसंही याच वाटेनं गेली. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८-१९ च्या सुमाराला, युद्धात अडकून पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या एका छावणीचे प्रमुख होते. त्या दिवसांत ते रोज सकाळी वहीत एक छोटं वर्तुळाकार चित्र काढत. त्या दिवशी मन कसं आहे, हे त्या चित्रातून त्यांना कळे. नंतर त्यांनी त्याला आपलाच शब्द दिला, मंडल. इंग्लंडमध्ये एड्रियन हिल नावाचे चित्रकार क्षयानं आजारी पडले, तेव्हा अंथरुणात चित्रं काढता काढता त्यांना जाणवलं, की याचा औषधासारखा उपयोग होतो आहे. 'आर्ट थेरपी', म्हणजे कलोपचार, हे नाव त्यांनीच १९४२ मध्ये रूढ केलं.

यावर प्रयोगही झाले आहेत. २००५ मध्ये अमेरिकेत नॅन्सी करी आणि टिम कॅसर यांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ केलं आणि मग रंग दिले. काहींना रंगवायला मंडलाची आकृती दिली, काहींना चौकड्यांची, काहींना नुसता कोरा कागद. आकृती रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावाल्यांपेक्षा जास्त उतरली. यातून मला वाटतं ते असं, की घाबरलेल्या मनाला कोरा कागद नको असतो, त्याला आधाराला काहीतरी हवं असतं. आणि आपल्या दारात तो आधार रोज पहाटे मांडला जातो. रांगोळीचे ठिपके!

म्हणून पहिला सराव ठिपक्यांचा. वहीच्या कागदावर सात ओळी, सात ठिपके. पेन्सिल घ्या आणि ठिपके जोडत जा, किंवा ठिपक्यांना वळसे घाला. रेघ हलली तर हलू द्या. दिवसाला एक रांगोळी, वीस मिनिटं. पुरुषांनीही काढावी. दार झाडून काढायची रांगोळी बायकांची असेल, वहीतली सगळ्यांची आहे.

माझ्या लहानपणी ज्या उस्तादांनी मला उर्दू खुशखत शिकवलं, तेही ठिपक्यांपासूनच सुरुवात करायचे. बोरूच्या टोकानं चौकोनी ठिपका काढायचा, त्याला नुक्ता म्हणतात. कुठलं अक्षर किती उंच, किती रुंद, ते या नुक्त्यांनी मोजतात. घाईत असलेल्या मुलाचा नुक्ता वाकडा यायचा आणि उस्ताद काही न बोलता कागद उलटा करून द्यायचे. पुढे देवनागरीही मी बोरूनं गिरवली. बोरू हातात असताना घाई करताच येत नाही, शाई लगेच चुगली करते. हा दुसरा सराव. आपलं नाव, गावाचं नाव, आईचं नाव जाड निबानं किंवा बोरूनं सावकाश गिरवा. 'शनैश्चर' या शब्दाचाही अर्थ सावकाश चालणारा असाच आहे. ज्याला आपण भितो, त्याच्याकडून हा एक गुण घ्यायला हरकत नाही.

तिसरा सराव लिहिण्याचा. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनावरचा मोठा घाव लिहायला सांगितला. काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही. लिहून झाल्यावर लगेच त्यांना जडच वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत ही मुलं दवाखान्यात इतरांपेक्षा कमी वेळा गेली. तेव्हा एक 'भीतीची वही' करा. शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवू नका. 'काहीतरी होईल' असं लिहायचं नाही, नेमकं काय होईल ते लिहायचं. हप्ता थकेल, मुलगा नापास होईल, डॉक्टर काहीतरी सांगतील. भीतीला नाव दिलं की ती मापात येते. मात्र लिहिताना फारच कालवाकालव झाली तर वही मिटा आणि ठिपक्यांकडे परत या.

चौथा ओवीचा. दोन ओळी, शेवटी जमलं तर यमक. ज्याची भीती वाटते त्यालाच उद्देशून बोलायचं. नमुन्यासाठी माझ्या दोन ओळी देतो:

आली साडेसाती दारी, तिला बसाया दिला पाट
पाणी पी गं, मग सांग, किती लांबची तुझी वाट

आता हे काव्य म्हणून थोर नाही, मला माहीत आहे. पण दारात आलेल्याला पाट दिला, की आपण घरधनी होतो आणि तो पाहुणा. एवढा फरक पुरे असतो.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींची गोष्ट सांगतो. मुलगा मेष राशीचा, बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा. साडेसाती लागली हे कळल्यापासून वहिनींनी जेवण कमी केलं, झोप गेली, मुलाला परीक्षेचा फॉर्म भरू नकोस म्हणू लागल्या. मी त्यांना म्हटलं, "वहिनी, तुमचे उपवास, तेल, सगळं चालू ठेवा, मी कोण बोलणार? फक्त रोज संध्याकाळी अर्धा तास ठिपके काढा आणि पोराला फॉर्म भरू द्या." त्यांनी दोन्ही केलं. मुलगा त्या खेपेला पास झाला नाही, हेही सांगायला हवं. पण त्या घरात त्या रात्री रडारड झाली नाही, आणि त्यानं पुढचा फॉर्म भरला. दोन वह्या भरल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "भाई, शनी आहे तिथंच आहे. पण मी आता दिवसभर त्याच्या घरी राहत नाही."

चित्र यायलाच हवं, असं नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं रंग, माती, चिकटकाम असं हवं ते करू दिलं. त्यातल्या साधारण पाऊण लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित असलेलं संप्रेरक, कमी झालेलं दिसलं. ज्यांना चित्रकलेचा सराव होता आणि ज्यांना नव्हता, त्यांच्यात विशेष फरक नव्हता. प्रयोग लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. पण 'मला कुठं चित्र येतं' ही आपली सबब मात्र त्यानं काढून घेतली.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी सांगतोय ते शनीची शांत करायचे उपाय नव्हेत. रांगोळीनं कर्ज फिटत नाही आणि ओवीनं ताप उतरत नाही. छातीत दुखतं, दोन-दोन आठवडे झोप नाही, जगणं नकोसं वाटतं, अशी वेळ आली तर ती साडेसातीच्या खात्यावर टाकू नका. डॉक्टरांकडे जा. सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस' ही मोफत सेवा सुरू केली, तिचा नंबर १४४१६. मनाच्या त्रासासाठी डॉक्टरची पायरी चढण्यात शरम कसली?

बाकीच्या दिवसांसाठी कागद आहे, पेन्सिल आहे, घरातल्या जुन्या लुगड्यांची गोधडी आहे. गोधडी शिवणारी बाई फाटलेलं टाकून देत नाही. चांगला तुकडा बघते, त्याला दुसऱ्या तुकड्याशी जोडते, धावदोरा घालते. साडेसात वर्षं म्हणजे अडीच हजारांहून जास्त दिवस. ते कुणाच्या तरी भीतीत घालवायचे, की त्यातल्या रोजच्या वीस मिनिटांचं काहीतरी करायचं, एवढं ठरवणं आपल्या हातात आहे. शनी पुढच्या राशीला जाईल तेव्हा आपल्या कपाटात रांगोळ्यांच्या चार वह्या असतील, थंडीत पांघरायला एक गोधडी असेल, आणि मुलानं वेळेवर भरलेला एखादा फॉर्म असेल.