चावडीवर काय मिटवायचं, काय नाही

(उमरी येथील कार्यकर्ता शिबिरात झालेलं भाषण)



सकाळच्या बैठकीत एका मावशीनं विचारलं, "मारहाण झाली तर ठाण्यात जावं का पंचांपुढं?" त्यावर इथं दोन तट पडले. म्हणून आज तेवढंच बोलतो.

पंचांपुढं मिटवणं ही आपली जुनी रीत. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची तंटे सोडवायची रूढ पद्धत मान्य केली. किनवटकडं तो लागू आहे, उमरीला नाही. तिकडं न्यूझीलंडात 1989 च्या कायद्यानं गुन्हा केलेला पोरगा, त्याचे नातलग आणि ज्याचं नुकसान झालं तो, यांना एकत्र बसवतात. त्यामागं माओरी आदिवासींची रीत आहे. कोर्ट विचारतं, कायदा कोणता मोडला, शिक्षा किती. पंच विचारू शकतात, नुकसान कुणाचं झालं आणि ते भरून कोण देणार. ही आपल्या रीतीची ताकद.

पण खरं सांगा, पंचांनी दंड बसवला की त्याचं काय होतं? दारू आणि बोकड! मार खाल्ला एकानं, जेवले दुसरेच. याला न्याय म्हणायचं का?

15 ऑगस्ट 2007 ला सरकारनं तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावाला बक्षीस ठेवलं. हेतू वाईट नव्हता. पण बक्षिसापायी तक्रार करणारालाच "गावाचं नाव घालवू नको" म्हणून गप्प बसवलं, तर तंटा मिटत नाही, दबतो.

म्हणून बसण्याआधी चार गोष्टी बघा.

एक, करणारानं चूक कबूल केली का? "मी काही केलंच नाही" म्हणणाराशी तडजोड कशाची करणार?

दोन, ज्याचं नुकसान झालं त्याची मर्जी आहे का? त्याला चावडीवर सगळ्यांदेखत विचारू नका. घरी, एकट्याला विचारा. बाई असेल तर बाईनं विचारावं. "नाही" म्हणाली तर विषय संपला.

तीन, दोघं बरोबरीचे आहेत का? सालगडी आणि मालक एका सतरंजीवर बसले म्हणून सारखे होत नाहीत. ज्याच्या अंगावर मालकाची उचल आहे, तो "माफ केलं" म्हणतो ते भीतीनं म्हणतो.

चार, नुकसान भरून निघण्यासारखं आहे का? गुरं पिकात घातली, बांध कोरला, दोन भावांत शिवीगाळ, ढकलाढकली झाली, तर बसा. भरपाई ज्याचं नुकसान झालं त्याच्या हातात द्या. काय द्यायचं, कधीपर्यंत, कोण बघणार, हे लिहा, वाचून दाखवा. कोऱ्या कागदावर अंगठा नाही.

काही गोष्टींना बैठक नाहीच. खून, बलात्कार, लेकरावर अत्याचार, जातीवरून अत्याचार. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा गुन्हा पंचांनी मिटवला म्हणून मिटत नाही. आधी फिर्याद, आधी दवाखान्याचा कागद.

आणि जमीन! "दोघांत समझोता झाला" म्हणून स्टॅम्पवर आदिवासीचं रान लिहून घ्यायचं, हा जुनाच डाव. महसूल कायद्याच्या कलम 36-अ प्रमाणं जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय विक्री, गहाण, बक्षीसपत्र, अदलाबदल, पट्टा काहीच चालत नाही. जमिनी परत करायचा 1974 चा कायदा सर्वोच्च न्यायालयानं 1984 साली वैध ठरवला. तो आपण लढून टिकवला, पंचांनी तो सोडायचा नसतो.

कुणी म्हणेल, कोर्टात तरी कुठं न्याय मिळतो? व्हय, मिळतोच असं नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली आदिवासी पोरीवर अत्याचार झाला. आरोपी पोलीस सर्वोच्च न्यायालयातून सुटले. पण बाया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 ला बलात्काराचा कायदा बदलला. ते प्रकरण गावातच मिटवलं असतं, तर कायदा तसाच राहिला असता.

तेव्हा मावशीला माझं उत्तर असं: आधी ज्याला लागलं त्याला विचारा. पंच त्याच्यासाठी बसतात, गावाच्या अब्रूसाठी नाही. पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावात यंदा काय काय मिटवलं ते लिहून आणा, आणि प्रत्येकापुढं लिहा, भरपाई कुणाच्या हातात गेली.

जोहार, जिंदाबाद.