पंपावरची रांग आणि सीमाभागातील आपण

(नौबाद येथे मंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रिकेत आजचा विषय वाचून काही जणांनी विचारले, की पेट्रोलच्या रांगेवर भाषण कसले करायचे? रांग लागली तर नंबर लावायचा, मिळेल तेवढे घ्यायचे आणि घरी यायचे. प्रश्न रास्त आहे. पण आपण बिदर-कलबुर्गीची सीमेवरची माणसे आहोत. आपली लेक उदगीरला दिलेली असते, सून देगलूरची असते, आजारी माणसाला कधी लातूरला तर कधी हैदराबादला न्यावे लागते. तीन राज्यांत ज्यांचा रोजचा वावर आहे, त्यांना इंधन दोन दिवस बंद झाले तर इतरांपेक्षा लवकर झळ बसते. म्हणून हा विषय मंडळाने घ्यायलाच हवा असे आम्हाला वाटते.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना रांग नवी नाही. रेशनच्या रॉकेलसाठी डबे ओळीने लावून सकाळपासून बसलेली माणसे त्यांनी पाहिली आहेत. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेल रोखले आणि जगभर भाव चढले. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. त्या काळात आपल्या गावांत मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आज घरटी एक तरी दुचाकी आहे, पेरणी ट्रॅक्टरने होते, रास मळणीयंत्रावर होते, दूध, भाजी, औषध सारे टेम्पोने येते. त्यामुळे तेव्हा जे मोटारवाल्यांपुरते होते, ते आज चुलीपर्यंत येते.

तुटवडा म्हणजे एकच गोष्ट नाही, हे आधी समजून घेऊ. आमच्या समजुतीप्रमाणे तो तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार म्हणजे तेलच न येणे. १९७३-७४ मध्ये अमेरिकेत हेच झाले. तेथील काही राज्यांनी गाडीच्या नंबरातील शेवटचा अंक सम की विषम हे पाहून एक दिवसाआड पेट्रोल दिले. अलीकडचे उदाहरण श्रीलंकेचे. २०२२ मध्ये त्या देशाकडे तेल आणायला परकीय चलन उरले नाही. लोक दिवसच्या दिवस रांगेत राहिले, काहींचा तर रांगेतच जीव गेला. शेवटी सरकारने प्रत्येक वाहनाला आठवड्याचा कोटा ठरवून मोबाइलवरचा पास दिला. आपला देशही गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. संकटासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि उडुपी जिल्ह्यातील पादूर येथे जमिनीखालच्या खडकात साठे केले आहेत. तिन्ही मिळून ५३ लाख ३० हजार टनांची सोय आहे आणि त्यातील ४० लाख टनांची एकट्या आपल्या कर्नाटकात आहे. पण हे साठे पूर्ण भरलेले असले तरी देशाची गरज भागेल ती साधारण साडेनऊ दिवस.

दुसरा प्रकार म्हणजे तेल आहे, पण पंपापर्यंत पोहोचत नाही. ७ ते ९ जानेवारी २००९ ला सरकारी तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी संप केला आणि मोठमोठ्या शहरांतले पंप कोरडे पडले. सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये तेल होते, पण टँकर चालवायला माणसे कमी होती. ती बातमी पसरताच लोकांनी पंपांवर अशी धाव घेतली, की ऑक्टोबरात सैन्यातले चालक बोलवावे लागले.

आपल्या सर्वांना आठवतो तो १ आणि २ जानेवारी २०२४ चा संप. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) मध्ये अपघातात माणूस दगावला आणि चालक पोलिसांना न कळवता निघून गेला, तर १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. ट्रक आणि टँकरचे चालक त्याविरुद्ध उतरले. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला तेलाचे मोठे डेपो आहेत. तेथील टँकर थांबले आणि मराठवाड्यापर्यंत पंपांवर रांगा गेल्या. इकडे हैदराबादेत तर जेवण पोहोचवणारा एक तरुण रांगेला कंटाळून घोड्यावर बसून निघाला, ते चित्र देशभर पाहिले गेले. २ जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलणी केली, हे कलम चर्चेशिवाय लागू करणार नाही असे सांगितले, आणि टँकर पुन्हा निघाले. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवण्यात आले.

तिसरा प्रकार भावातून येतो. जून २०२२ मध्ये कच्चे तेल महाग होते आणि पंपावरचे दर मात्र गोठलेले होते. प्रत्येक लिटरमागे तोटा होतो म्हणून खासगी कंपन्यांनी विक्री आवरली, त्यांचे गिऱ्हाईक सरकारी कंपन्यांच्या पंपांवर लोटले, आणि कर्नाटकासह काही राज्यांत पंप कोरडे पडू लागले. १७ जून २०२२ ला केंद्र सरकारला नियम काढावा लागला, की परवाना घेतलेल्या कंपन्यांनी आपल्या सर्व पंपांवर ठरलेल्या वेळेत विक्री चालू ठेवलीच पाहिजे.

आता यात आपण काय करतो ते पाहू. समजा एका शहरात १०,००० दुचाकी रोज एकेक लिटर पेट्रोल घेतात. रोजचा खप १०,००० लिटर, म्हणजे १२,००० लिटरच्या एका टँकरमध्ये भागतो. एके संध्याकाळी मोबाइलवर निरोप येतो, ‘उद्यापासून पंप बंद’. त्याच रात्री त्या १०,००० जणांनी प्रत्येकी पाच लिटर घेतले तर ५०,००० लिटर लागतात. म्हणजे चार टँकर संपून पाचवा फोडावा लागतो. संप होवो न होवो, पंप त्याच रात्री कोरडा होतो. निरोप खोटा असला तरी लोकांच्या धावपळीने तो खरा ठरतो. रात्री टाकी काठोकाठ भरून घेणाऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी दारातच उभी असते, आणि सकाळी कामावर निघालेल्या टमटमवाल्याला मात्र रिकाम्या पंपावरून परतावे लागते. त्याची त्या दिवसाची चूल त्या दोन लिटरवर असते.

याच ठिकाणी सीमाभागाचा खास प्रश्न येतो. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा कर वेगळा. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर १० रुपये उतरवले, कर्नाटकाने वर आणखी ७-७ रुपये उतरवले. महाराष्ट्राने त्या वेळी आपला कर उतरवला नाही. जुलै २०२२ मध्ये तेथे पेट्रोल ५ आणि डिझेल ३ रुपयांनी कमी झाले. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने कर वाढवून दर सुमारे ३ रुपयांनी चढवले. असा फरक असला की पलीकडची गाडी अलीकडे येते. एरवी पंपवाला हसतमुखाने भरून देतो. पण रांग लागली की एमएच-२४ किंवा एमएच-२६ च्या पाटीकडे बोट दाखवून कोणी तरी म्हणतोच, ‘आधी आमच्या गाड्या, मग यांच्या.’ मग इंधनाचा वाद भाषेचा होतो.

यावर आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कर पाटी पाहून लागत नाही, तो विक्रीवर लागतो. लातूरच्या गाडीने बिदरला दहा लिटर भरले तर त्यावरचा राज्याचा कर कर्नाटकाच्याच तिजोरीत जातो. आणि आपली केए-३८ ची गाडी उदगीरला भरली तर तो कर महाराष्ट्राला जातो. म्हणून रांगेत एकच नियम असावा, जो आधी आला त्याला आधी. मर्यादा घालायची असेल तर प्रत्येक वाहनाला सारखी घालावी. आपल्यासमोर कोणी पाटीवरून भांडू लागला, तर त्याची भाषा कानडी असो की मराठी, आपण शांतपणे हेच सांगावे. उद्या आपली गाडी पलीकडच्या रांगेत उभी असेल, तेव्हा आपल्यालाही हाच न्याय हवा आहे. येथे पिढ्यान् पिढ्या कानडी, उर्दू, तेलुगू बोलणाऱ्या शेजाऱ्यांसोबत आपण राहिलो आहोत. दोन दिवसांच्या रांगेपायी ते बिघडू देऊ नये.

तरीही, प्रशासनाकडे मागणे हा आपला हक्क आहे. पुढीलप्रमाणे निवेदन द्यावे असे आम्ही सुचवतो. एक, टंचाईच्या दिवशी रुग्णवाहिका, अग्निशमन दल आणि पाणीपुरवठ्याच्या गाड्यांसाठी जिल्ह्यातील ठरावीक पंपांवर साठा राखून ठेवावा. दोन, मृगाची पेरणी आणि सोयाबीनची रास या दिवसांत शेतकऱ्याला डिझेल देण्याची वेगळी वेळ असावी. तीन, कोणत्या पंपावर माल आहे आणि कोणत्या नाही हे रोज सकाळी जाहीर करावे, आणि ते कानडीबरोबर मराठीतही असावे. चुकीच्या निरोपाला तोड द्यायची तर खरी माहिती लवकर आणि समजेल अशा भाषेत यायला हवी. चार, चढ्या भावाने बाटलीतून पेट्रोल विकणाऱ्यांवर कारवाई व्हावी.

घरोघरी पाळायच्या गोष्टीही सांगतो. गाडीची टाकी निम्म्याखाली आली की नेहमीच्या दिवशीच भरावी, म्हणजे अफवेच्या रात्री धावावे लागत नाही. पेट्रोल प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, पाण्याच्या बाटलीत कधीही आणू नये. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल ठेवता येते, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात आणि विक्रीसाठी नव्हे. पण कायद्याने चालते म्हणून घरात साठवावे असे मुळीच नाही. ज्या घरात गॅसची शेगडी, देवापुढे समई आणि खेळणारी मुले आहेत तेथे पेट्रोलची वाफ म्हणजे आगीला बोलावणे. मापाची शंका आली तर गर्दीतही पंपावरचे पाच लिटरचे शिक्क्याचे माप मागण्याचा आपल्याला अधिकार आहे, भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपरची चाचणी मागता येते.

प्रवासाला दुसरा मार्गही आहे. विकाराबाद-परळी रेल्वेमार्गावर बिदर, भालकी, उदगीर ही आपली गावे आहेत. २०१७ पासून बिदर-कलबुर्गी रेल्वेही सुरू झाली. ११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या सरकारी बसमध्ये राज्यातील महिलांना तिकीट नाही. टंचाईच्या दिवशी लग्नाला पाच मोटारींऐवजी एक बस केली तर वऱ्हाडही पोहोचते आणि चार मोटारींचे पेट्रोल कोणा आजारी माणसाच्या कामी येते.

शेवटी मंडळापुढे एक ठराव ठेवतो. प्रत्येक गल्लीतील दोन तरुणांनी नावे द्यावीत. टंचाई आली तर त्यांनी पंपावर जाऊन खात्री केलेलीच माहिती सभासदांना कळवावी. बाळंतीण, डायलिसिसचा रुग्ण, एकटे राहणारे वृद्ध अशा घरांची यादी त्यांच्याकडे असावी आणि त्या घरांसाठी एक गाडी कायम भरलेली ठेवावी. याला पैसा लागत नाही, माणसे लागतात. मोबाइलवर निरोप आला तर तो पुढे ढकलण्याआधी या तरुणांना विचारावे, एवढीच सर्वांना विनंती. नावे आजच, सभा संपल्यावर चिटणीसांकडे द्यावीत.

 जय महाराष्ट्र, जय कर्नाटक, जय हिंद!