काचेतली चौकट

पत्त्यांतली चौकट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. आज मी तुम्हाला वेगळ्या एका चौकटीबद्दल सांगणार आहे. ही चौकट काचेत उमटलेली असते, नखाएवढी असते आणि बऱ्याचदा धड दिसतही नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या साखरदाण्या, मीठदाण्या, बशा हातात घेऊन उजेडाकडे तिरप्या धरल्या की त्यांच्या तळाशी ती सापडू शकते. मुंबईच्या चोरबाजारात जुनी विलायती काच धुंडाळणाऱ्याला ही चौकट वाचता आली तर निदान विक्रेत्याच्या थापा तरी ओळखता येतील.

आधी काचेबद्दल. फुंकून घडवलेली, मग चाकावर घासून पैलू पाडलेली काच ही श्रीमंताघरची. दाबून केलेल्या काचेचा मार्ग १८२०च्या दशकात अमेरिकेत रुळला. लोखंडी साच्यात तापलेल्या काचेचा गोळा टाकायचा, वरून दट्ट्या दाबायचा, की नक्षीसकट भांडं तयार. इंग्लंडमध्ये काचेवर जबर कर होता. तो १८४५ साली उठला आणि गेट्सहेड, संडरलंड, मँचेस्टर इथल्या भट्ट्यांनी मग अशी भांडी मोठ्या प्रमाणावर काढली. खाणीत राबणाऱ्याच्या घरातही पैलूदार दिसणारी साखरदाणी आली. संग्रहालयातल्या नाजूक सुरयांपेक्षा मला ही जाडजूड साखरदाणी जास्त जवळची वाटते.

पण एक पंचाईत होती. साचा कोरायला वेळ लागे, पैसा लागे. आणि तुमची बशी बाजारात आली की शेजारचा कारखानदार ती विकत घेऊन तसाच साचा कोरून घेई! यावर उपाय म्हणून १८४२ साली कायदा झाला. नक्षीचा नमुना सरकारात नोंदवायचा आणि मालावर खूण उमटवायची. काचेच्या नमुन्याला तीन वर्षांचं संरक्षण मिळे. ती खूण म्हणजे ही चौकट.

ती वाचायची कशी? माथ्यावर छोटं वर्तुळ असतं, त्यात रोमन आकडा. तीन म्हणजे काच, चार म्हणजे चिनी मातीची भांडी. चौकटीच्या चार कोपऱ्यांत वर्ष, महिना, तारीख आणि गठ्ठ्याचा क्रमांक. वर्ष नि महिना अक्षरांत, बाकी दोन आकड्यांत. अक्षरं मात्र क्रमानं नाहीत. १८४२ला एक्स, १८४३ला एच, १८४४ला सी. म्हणजे तक्ता जवळ हवाच. सव्वीस वर्षांत सव्वीस अक्षरं संपली, तेव्हा १८६८पासून तीच अक्षरं पुन्हा पहिल्यापासून वापरली आणि घोटाळा नको म्हणून कोपरे बदलले. १८६७पर्यंत वर्ष वर, महिना डावीकडे, तारीख उजवीकडे, गठ्ठा खाली. १८६८नंतर तारीख वर, वर्ष उजवीकडे, महिना खाली, गठ्ठा डावीकडे. तेव्हा पहिली नजर वर्तुळाखालच्या वरच्या कोपऱ्याकडे. तिथं अक्षर दिसलं तर जुना काळ, आकडा दिसला तर नंतरचा.

उदाहरण घेऊ. संडरलंडच्या हेन्री ग्रीनर यांनी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या गौरवाची भांडी काढली. त्यांच्या चौकटीत वर ३१, उजवीकडे एच, खाली आय. आय म्हणजे जुलै. वर आकडा असल्यानं एच हा १८४३चा नव्हे, १८६९चा. म्हणजे ३१ जुलै १८६९. सरकारी कारकुनीच ती, तिलाही अपवाद आहेत. १८७८च्या मार्चच्या पहिल्या सहा दिवसांत वर्षाचं आणि महिन्याचं दोन्ही अक्षरं वेगळीच वापरली गेली.

आता मुद्द्याची गोष्ट. ही तारीख नमुना नोंदवल्याची आहे, तुमच्या हातातली बशी भट्टीतून निघाल्याची नव्हे. आम्ही कवी कवितेखाली तारीख घालतो ना, तसंच हे. वाचकाच्या हातातलं पुस्तक तिसऱ्या आवृत्तीचं असू शकतं. लोखंडी साचा दणकट. मागणी असेतो तो चाले, खुणेसकट चाले. गेट्सहेडच्या डेव्हिडसन यांनी तर दुसऱ्या कारखान्यांचे साचेही विकत घेतले होते. म्हणून विक्रेता ‘१८६९ची बशी’ म्हणाला तर आपण मनात ‘१८६९च्या आधीची नाही’ एवढंच धरावं. किंमत त्यावरच ठरवावी.

१८८४च्या जानेवारीपासून चौकट गेली. ‘आरडी’ ही दोन अक्षरं आणि पुढं एकापासून सुरू झालेला सलग क्रमांक आला. १८८५ची सुरुवात १९७५४ला होते, म्हणजे पंधरा हजारांतला क्रमांक १८८४चा. हे सोपं आहे, पण मला चौकटच आवडते. काही कारखान्यांची स्वतःची चिन्हंही असत. गेट्सहेडच्या सॉवर्बी यांचं मोराचं डोकं, मँचेस्टरच्या जॉन डर्बीशायर यांचा नांगर, जहाजाचा. खूण नसली म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. पुष्कळ नमुने नोंदवलेच गेले नाहीत.

आणि गठ्ठ्याचा क्रमांक? एका दिवशी एकानं आणलेले नमुने एका गठ्ठ्यात जात. तारीख आणि गठ्ठा जुळला की लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या नोंदवह्यांत मालकाचं नाव, पत्ता मिळतो, नमुन्याचं चित्रही मिळू शकतं. मालकाचं, बरं का. साचा ज्यानं कोरला त्याच्या नावासाठी त्या चौकटीत कोपरा नाही.

झिजलेल्या साच्यातून आलेली खूण पुसट असते. तिच्यावर पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिल हलक्या हातानं फिरवा, अक्षरं वर येतात. सी आणि जी, ओ आणि क्यू यांत हमखास फसगत होते, तेव्हा भिंग जवळ असू द्या. गठ्ठ्याचा आकडा लागलाच नाही, तर त्या तारखेला काचेच्या वर्गात कुणीकुणी नमुने नोंदवले ते पाहायचं. कधी नावं तीन-चार निघतात, कधी एकच.