घसादुखी आणि मुलांचे हृदय
(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनात केलेले भाषण)



संसर्गजन्य रोग म्हटले की पटकी, हिवताप, गोवर ही नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात. आज ज्या विकाराविषयी बोलावयाचे आहे, तो असा गाजावाजा करीत येत नाही. मुलाचा घसा दुखतो, दोन दिवस ताप येतो, आई हळदीचे दूध देते आणि मूल पुन्हा शाळेत येते. प्रकरण तेथेच मिटले असे सर्वांस वाटते.

बहुतेक वेळा ते मिटलेलेही असते. परंतु घशात स्ट्रेप्टोकॉकस जातीचे विशिष्ट जंतू शिरले असतील, तर काही मुलांना दोनतीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो व सांधे सुजतात. आज गुडघा, तर परवा घोटा किंवा मनगट, अशी ही सूज फिरत राहते. यालाच संधिज्वर, डॉक्टरी भाषेत ऱ्हुमॅटिक फीव्हर, म्हणतात. जंतूंशी झुंजण्यासाठी शरीराने निर्माण केलेली शक्ती येथे स्वतःच्याच अवयवांवर उलटते. सांधे खूण न ठेवता बरे होतात, पण हृदयाच्या झडपांवर पडलेले व्रण पुष्कळदा राहतात, आणि पुढच्या प्रत्येक घसादुखीबरोबर ज्वर उलटून ते वाढण्याचा धोका असतो. झडप आक्रसते किंवा गळू लागते. कित्येक मुलींच्या बाबतीत हे प्रथम कळते ते लग्नानंतर, गरोदरपणी धाप लागू लागते तेव्हा.

हा रोग मुख्यतः पाच ते पंधरा वर्षांच्या वयात जडतो, म्हणजे नेमका आपल्या हाताखालील मुलांत. एका खोलीत आठदहा माणसे निजत असतील व दवाखाना दूर असेल, तेथे तो फोफावतो. श्रीमंत देशांतून तो गेल्या शतकात बराच हटला. त्याला औषधांइतकीच ऐसपैस घरेही कारण झाली.

या विकाराचे एक रूप असे आहे की ते डॉक्टरांच्या आधी शिक्षकाच्याच नजरेस पडते. चांगले वळणदार अक्षर असलेली मुलगी एकाएकी वेडेवाकडे लिहू लागते. हातातून पाटी निसटते, खांदे उडतात, तोंड वेडावल्यासारखे होते, उगाच रडू येते. झोपेत मात्र हे सारे थांबते. टॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८६ साली याचे वर्णन करून ठेवले; त्यास कोरिया म्हणतात. घसादुखीनंतर कित्येक महिन्यांनीही तो उद्भवतो, त्यामुळे दोहोंचा संबंध कोणास सुचत नाही. अशा मुलीस ‘वेडावतेस काय?’ म्हणून छडी मारणे म्हणजे आजाऱ्यास शिक्षा करणे होय. घरची मंडळी तिला देवऋषाकडे नेतात, तेही समजण्यासारखे आहे. पण तिचे हृदय तपासले गेलेच पाहिजे.

उपाय महाग नाही. ताप असून घसा दुखतो, गिळताना त्रास होतो, मानेत दुखऱ्या गाठी आहेत, पण खोकला वा नाक वाहणे नाही, अशा मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले, तरी पुढचा ज्वर टळू शकतो. ज्या पिंपरीत १९५५ पासून हे औषध बनू लागले, ती आपल्याच राज्यात आहे!

एकदा संधिज्वर झालेल्या मुलास मात्र दर तीनचार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे घ्यावी लागते. निदान वयात येईपर्यंत, झडप बिघडली असल्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ. सुई चांगलीच दुखते. मूल धडधाकट दिसू लागले की पालकांना ती निरर्थक वाटते, सुगीत एक तारीख चुकते, मग दुसरी. ही सुई शिक्षकाने द्यावयाची नाही. ती दवाखान्यातच, औषधाची वावडी आहे का हे विचारून दिली जाते. आपण तारीख मात्र लक्षात ठेवू शकतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, व त्याच्या तपासणीत या हृदयविकाराचाही समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी धापा टाकणारी, खेळाच्या तासाला कडेला बसणारी मुले गैरहजर राहणार नाहीत असे पाहावे. सुई चालू असलेले मूल दुसऱ्या शाळेत जाताना शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर पुढील सुईची तारीख लिहिलेली चिठ्ठी पालकांच्या हाती द्यावी, आणि ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबास तर ती निघण्यापूर्वीच द्यावी.