फाइव्ह-जी गावात आले, शिवारात कधी?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मी कृषिविद्या शिकवतो. मोबाईलचा टॉवर हा माझा विषय नव्हे. तो मला उसाने शिकवला. आम्ही उसात ओलावा मोजणारे यंत्र बसविले होते. ऊस कमरेएवढा होता तोवर त्याचे संदेश नियमित येत. ऊस डोक्यावर गेला आणि संदेश थांबले. बॅटरी बदलली, सिम बदलले, उपयोग नाही. शेवटी अँटेना बांबूला बांधून उसाच्या वर नेला, तेव्हा गाडे सुरू झाले.

पानांतील पाणी लहरी शोषते. लहर आखूड, तितके शोषण जास्त. देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी फाइव्ह-जी सुरू झाले. त्याचा मुख्य पट्टा सुमारे ३५०० मेगाहर्ट्झचा, लहर जेमतेम साडेआठ सेंटिमीटर. माहिती भरपूर वाहते, पण लांब जात नाही. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटरची. ती दूरवर पोहोचते, माहिती मात्र कमी नेते. बालाघाटाच्या चढउतारात आपल्याला हीच हवी. पण चार वस्त्यांसाठी टॉवर, तिथवर ऑप्टिकल फायबर आणि वीज गेल्यावर पुरतील अशा बॅटऱ्या, या खर्चापुढे कंपन्या कचरतात. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांसाठी फोर-जीची योजना मंजूर केली, ती याचसाठी. त्यातही मोजणी गावांची आहे, शिवाराची नाही.

आणखी एक. टॉवर मोठ्याने बोलतो, मोबाईल हळू. म्हणून पडद्यावर रेघा दिसतात, तरी ई-पीक पाहणीचा फोटो जात नाही. शिवाय ३५०० च्या पट्ट्यात पाठवणे व घेणे आळीपाळीने चालते आणि बहुतेक वेळ घेण्यासाठी राखलेला असतो. शहरात सिनेमा पाहणाऱ्याला ते सोयीचे. आपल्याला तर शेतातून पाठवायचे असते, आणि सातबाऱ्यावरची पीकनोंद त्यावर अवलंबून!

मोटारीचा मोबाईल स्टार्टर घेणाऱ्यांनी जपून राहावे. पुष्कळ स्टार्टर टू-जीवरच चालतात. जिओकडे टू-जी नाही, त्यामुळे त्यांत तिचे सिम चालत नाही. स्टार्टर फोर-जीचा आहे का, हे विचारूनच पैसे द्यावेत. सिमची परीक्षा दुकानात नव्हे, विहिरीवर घ्यावी. आणि तीही भोवताली पीक पूर्ण वाढलेले असताना.